सोलापुरी चादर सगळ्यांना माहीत, पण कोणाची? – ब्रँड इक्विटी बांधायची कशी

मागकरी (धागाकर्ता)

सोलापुरी चादर म्हणजे काय हे नागपुरात सांगावं लागत नाही आणि हुबळीतही नाही. गिऱ्हाईक स्वतःच विचारतं, "सोलापुरी आहे का?" मात्र "कोणाची?" असं ते पुढे विचारत नाही. आपल्या धंद्याची मेख तिथेच आहे. गावाच्या नावाला किंमत आहे, पण ते नाव सगळ्यांचं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत शुद्ध सुती माल काढणारा आणि बाहेरून पॉलिस्टर मिसळलेली चादर आणून तिच्यावर 'सोलापुरी' छापणारा, दोघंही त्याच नावावर जेवतात.

आपल्याकडे ब्रँडचा विषय निघाला की गाडी लोगो, फ्लेक्स आणि इन्स्टाग्रामवर जाऊन थांबते. ब्रँड इक्विटी त्याच्या आधीची गोष्ट आहे. मार्केटिंगचे प्राध्यापक केविन लेन केलर यांनी १९९३ मध्ये मांडलेली व्याख्या सोपी करून सांगायची तर अशी: माल तोच, एकदा नावासकट दाखवा आणि एकदा नावाशिवाय. गिऱ्हाइकाच्या वागण्यात जो फरक पडतो तो त्या नावाची इक्विटी. फरक उलट्या दिशेनेही पडू शकतो. नाव ऐकून गिऱ्हाईक मागे सरलं तर इक्विटी उणे.

नुसतं नाव माहीत असणं म्हणजे इक्विटी नव्हे. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल गावात कोणाला माहीत नाही? पण ते नाव आता रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरतं उरलंय. त्या नावावर कोणी चादरीला दहा रुपये जास्त देणार नाही.

चर्चेसाठी प्रश्न: ही गोष्ट मोजायची कशी? जीआय (भौगोलिक मानांकन) असताना स्वतःचा ट्रेडमार्क कशाला? कमी पैशात सुरुवात कुठून? आणि ती कशाने बुडते? चादर-टॉवेल मुख्य विषय, पण चटणी आणि युनिफॉर्मवाल्यांचंही स्वागत. एकच विनंती, "आमच्या वडिलांनी असं केलं" छापाच्या कहाण्या नकोत, कामाचं लिहा.

हिशेबनीस

आधी मोजमाप, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं राहतं.

सगळ्यात भरवशाचं माप म्हणजे दरातला फरक. सूत तेच, आकार तोच, डिझाइन तेच. निम्म्या मालाला लेबल, निम्म्याला नाही. साधारण सारख्या गिऱ्हाइकीची चार दुकानं धरा. दोघांकडे लेबलवाला माल ४० रुपये जास्त दराने, दोघांकडे बिनलेबलाचा नेहमीच्या दराने. दोन आठवड्यांनी दुकानांची अदलाबदल करा. विक्री बरोबरीची राहिली तर फरक ८० वर न्या आणि पुन्हा तेच करा. जिथे लेबलवाल्याची विक्री खाली येते, त्याच्या अलीकडचा आकडा ही तुमच्या नावाची किंमत.

दोन्ही माल एकाच दुकानात ठेवायची चूक बरेच जण करतात. दुकानदारच सांगतो, "माल तोच आहे ओ, हे स्वस्तातलं घ्या," आणि चाचणी तिथेच संपते. लग्नसराई आणि थंडीचे पहिले आठवडेही टाळा, तेव्हा काहीही खपतं.

समजा फरक नगामागे ८० रुपये टिकला आणि वर्षाला ५,००० नग जातात, तर ४ लाख झाले. त्यातून लेबल, पिशवी, जाहिरात आणि बदलून दिलेल्या मालाचा खर्च वजा करा. शिल्लक राहिली तर नाव कमावतंय. नाही राहिली तर सध्या ते फक्त पोसलं जातंय.

दुसरं माप ओळखीचं. शंभर गिऱ्हाइकांना आधी मोकळा प्रश्न विचारायचा, "चादर म्हटली की कोणत्या कंपनीचं नाव आठवतं?" नावांची यादी त्यानंतर दाखवायची. क्रम उलटा झाला की यादीतलीच नावं आठवतात आणि उत्तर नासतं. शंभरच्या नमुन्यात चूक दोन्ही बाजूंना १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे गेल्या वर्षी १२ आणि यंदा १७ आले म्हणून पेढे वाटू नका.

तिसरी गोष्ट कोणी बघतच नाही: जास्तीचे पैसे थांबतात कुठे? गिऱ्हाईक ८० रुपये जादा देतंय आणि तुमचा दुकानदाराला द्यायचा दर जागचा हललेला नाही, तर ती इक्विटी दुकानदाराची आहे, तुमची नाही.

जाता जाता: इंड-एएस ३८ या हिशेबाच्या मानकाप्रमाणे स्वतः घडवलेला ब्रँड ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही, विकत घेतलेला दाखवता येतो. म्हणून सीसी लिमिट (खेळत्या भांडवलाचं कर्ज) मागायला गेलं की बँकेचा साहेब माग मोजतो, नाव मोजत नाही. विकायची वेळ आली की मात्र चित्र पालटतं. कोका-कोलाने १९९३ मध्ये पार्लेकडून थम्स अप घेतलं, पुढे काही वर्षं त्याला मागेच ठेवलं. तरी गिऱ्हाईक हटेना, शेवटी त्यालाच पुन्हा पुढे आणावं लागलं. कोका-कोलाने मोजलेले पैसे बाटल्या भरण्याच्या यंत्रांचे नव्हते, नावाचे होते.

नवीपेठ_काउंटर

मालक, हिशेब झकास आहे, पण काउंटरवर काय होतं ते बघा की.

गिऱ्हाईक आत येतं आणि "चादर दाखवा" म्हणतं. दुकानदार पहिला ढीग कुठला काढतो तिथेच निम्मा निकाल लागला. बिनलेबलाच्या मालात त्याला २५ टक्के सुटत असतील आणि तुमच्या लेबलवाल्यात १५, तर तो तुमचा ढीग कशाला काढेल ओ? गिऱ्हाईक नाव घेऊन मागायला लागलं की १५ वरही ठेवतो, कारण नाही ठेवला तर ते शेजारच्या दुकानात जातं. म्हणजे सुरुवातीची एक-दोन वर्षं दुकानदाराला बिनलेबलाइतकंच सुटलं पाहिजे. नवीन माणूस पहिल्याच दिवशी ब्रँड आहे म्हणून मार्जिन कापतो आणि माल वरच्या फळीवर जाऊन बसतो.

दुसरं, घडीचं. फळीवर चादर रचली की दिसते फक्त घडीची कड, दोन-अडीच इंच. तुमचं लेबल आतल्या कोपऱ्यात. पिशवीवर नाव मोठं असतं, पण पहिल्या गिऱ्हाइकाला दाखवताना पिशवी फाडली की ती गेली. तिसऱ्या गिऱ्हाइकापुढे ती चादर बिननावाचीच उघडते. म्हणून आधी घडी ठरवा, ती कड बाहेर कुठे येते बघा आणि लेबल तिथे शिवा. चिकटवलेलं नको, टाचलेलं तर नकोच नको. विणलेलं लेबल, शिवणीत धरलेलं. ते काढायला गेलं तर शिवण उसवते, त्यामुळे दुसऱ्या मालाला लागत नाही.

आणि घडी घालणाऱ्याला ती घडी शिकवा. तो रोजंदारीवर येतो, त्याला लेबल दिसलं काय नि नाही काय.

जॅकार्ड

वरच्या प्रतिसादाला पुरवणी. लेबलाच्या जोडीला किनारीत एक कायमची खूण विणा: ठरावीक रंगाच्या दोन रेषा, ठरावीक अंतरावर, प्रत्येक डिझाइनमध्ये. बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) भरतानाच ती सुतं लावली की नगामागे जादा खर्च जवळपास शून्य. ढिगात कड दिसते तेव्हा खूणही दिसते, वाचता न येणाऱ्यालाही. सोलापूरचा माल कर्नाटक आणि तेलंगणात जातो. तिथे मराठी लेबल वाचलं जात नाही, रेषा ओळखल्या जातात. अट एकच, ती खूण दर हंगामाला बदलायची नाही. मोर हवा तर मोर विणा, फुलं हवी तर फुलं, किनार तीच.

आता मालाबद्दल. नाव जाण्याची तीन कारणं सारखी दिसतात.

पहिलं रंग सुटणं. सुती सुताला रिअ‍ॅक्टिव्ह रंग दिला की त्यातला काही भाग तंतूला न चिकटता तसाच राहतो. तो उकळत्या साबणाच्या पाण्यात धुऊन काढावा लागतो. वाफ आणि पाणी वाचवायला ही धुलाई एका पाण्यावर आटोपली की पहिल्या धुण्यात बादली लाल होते. तपासणी घरच्या घरी होते. पांढरं सुती फडकं ओलं करून अंगठ्याखाली धरा आणि गडद भागावर दहा वेळा घासा. मग पांढरा तुकडा टाचून कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. प्रयोगशाळेत पाठवलात तर १ ते ५ अशी श्रेणी मिळते. धुण्याला ४ च्या खाली आलेला लॉट लेबलाखाली जाऊ देऊ नका.

दुसरं टॉवेलचं वजन. ३० बाय ६० इंचाचा टॉवेल म्हणजे साधारण १.१६ चौरस मीटर. ४५० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) लिहिलं असेल तर तो ५२० ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. ४६५ भरला तर तो ४०० जीएसएमचा आहे आणि लेबल खोटं बोलतंय. पावसाळ्यात मोजताना सांभाळून. प्रमाणित हवेतही कापूस सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरतो, दमट हवेत त्याहून जास्त. ओला माल वजनात पास होतो आणि उन्हाळ्यात गिऱ्हाइकाच्या काट्यावर नापास.

तिसरं सगळ्यात वाईट, कारण ते विक्रीला मदत करतं आणि नावाला मारतं: सिलिकॉनचं सॉफ्टनर जास्त मारणं. दुकानात टॉवेल लोण्यासारखा लागतो, पटकन विकला जातो. घरी अंग पुसलं तर पाणी टिपतच नाही, नुसतं पसरतं. टॉवेलवर थेंब टाकून बघा. दोन-चार सेकंदांत आत गेला नाही तर तो माल पाठवू नका.

पुण्यातला_सोलापूरकर

थोडा ताप देतो, थिअरीचा.

मार्केटिंगचेच अभ्यासक डेव्हिड आकर यांनी १९९१ मध्ये इक्विटीचे पाच भाग सांगितले: निष्ठा, ओळख, गुणवत्तेबद्दलचा समज, नावाशी जोडलेल्या आठवणी आणि ट्रेडमार्कसारख्या मालकीच्या गोष्टी. जॅकार्ड यांनी लिहिलं ते तिसऱ्यात बसतं. तो गुणवत्तेचा *समज* आहे हे ध्यानात घ्या. गिऱ्हाईक सुताचा काउंट (बारीकपणा) मोजत नाही. वजन, स्पर्श आणि पहिलं धुणं, एवढ्यावर ठरवतं.

निष्ठेबद्दल मात्र माझं वेगळं मत. चादर दहा-दहा वर्षं टिकते. जी वस्तू माणूस आयुष्यात मोजक्या वेळा घेतो तिच्यात पुन्हा खरेदीची टक्केवारी काढून काय मिळणार? शिवाय मार्केटिंगचे संशोधक बायरन शार्प आणि त्यांच्या संस्थेचं म्हणणं असं की लहान ब्रँडला गिऱ्हाईक कमी असतं आणि ते मोठ्या ब्रँडच्या गिऱ्हाइकापेक्षा थोडं कमीच निष्ठावान असतं. 'आमचं गिऱ्हाईक थोडं पण कट्टर' ही समजूत बऱ्याचदा आपलीच समजूत निघते. चादरवाल्याने कार्ड-पॉइंट योजनांवर पैसे घालण्यापेक्षा नवीन लोकांपर्यंत पोचावं.

चादरीला निष्ठेची जागा आहेर घेतो. लग्न, निरोप समारंभ, सत्कार. एकाने घेतलेली चादर दुसऱ्याच्या घरात जाते. तिथे ती पिशवीत नाही, अंथरुणावर असते. नाव चादरीवर हवं ते यासाठी.

नवीपेठ_काउंटर

आहेराला ३०-४० नगांच्या ऑर्डरी असतात आणि दर घासून मागतात. त्यात नाव कुठे टिकतं?

पुण्यातला_सोलापूरकर

टिकतं, दर तोडला नाही तर. आहेराच्या ऑर्डरीला सवलत देण्याऐवजी चांगला बॉक्स द्या, जोडीला एक नॅपकिन द्या, वधू-वरांचं नाव लिहिलेली पट्टी द्या. छापील किमतीला हात लावू नका.

सवलतीचा हिशेब करून बघा. विक्रीवर २० टक्के मार्जिन असेल आणि १० टक्के सूट दिली तर तेवढाच नफा मिळवायला दुप्पट माल विकावा लागतो. एवढं करून गिऱ्हाईक शिकतं काय, तर खरा दर सवलतीनंतरचा असतो. पुढच्या वेळी ते पूर्ण दराला घेत नाही, सेलची वाट बघतं.

कलम_नऊ

जीआय आणि ट्रेडमार्क यांची इथे नेहमी गल्लत होते, म्हणून लांबलचक लिहितो. कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद तरी वाचा.

सोलापुरी चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. जिल्ह्यात मंगळवेढ्याची ज्वारी आणि सोलापूरचं डाळिंब यांनाही आहे. जीआयचा कायदा १९९९ चा, अंमल २००३ पासून, नोंदणी कार्यालय चेन्नईत. हे मानांकन कोणा एकाच्या मालकीचं नसतं. कलम २४ प्रमाणे ते विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही, गहाण ठेवता येत नाही. ठरलेल्या भागातला, ठरलेल्या पद्धतीने माल काढणारा उत्पादक अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून ते वापरू शकतो. ही नोंद वेगळी करावी लागते. कारखाना सोलापुरात आहे एवढ्याने ती आपोआप होत नाही.

जीआय गिऱ्हाइकाला सांगतो, माल सोलापूरचा आहे. तुमचा आहे हे तो सांगत नाही. शेजाऱ्याने रंग सुटणारा माल विकला तर त्याचा डाग तुमच्यावरही पडतो. म्हणून दोन्ही हवं: बाहेरच्या नकलेविरुद्ध जीआय आणि गावातल्या गर्दीतून वेगळं दिसायला ट्रेडमार्क.

ट्रेडमार्कसाठी चादर-टॉवेल वर्ग २४, तयार कपडे वर्ग २५, चटणी-मसाले वर्ग ३०. अर्ज टीएम-ए. ऑनलाइन शुल्क प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये, तेही व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असाल तर. उद्यम (लघुउद्योग नोंदणीचं) प्रमाणपत्र जोडा. बाकीच्यांना ९,०००. परीक्षणातून पार पडल्यावर जर्नलमध्ये प्रसिद्धी, मग ४ महिने हरकतीसाठी. नोंदणी १० वर्षांची, नंतर नूतनीकरण. नोंदणी होईपर्यंत टीएम लिहा. गोलातला आर नोंदणीआधी वापरणं कलम १०७ खाली गुन्हा आहे, आणि गावात निम्म्या पिशव्यांवर तो बिनधास्त छापलेला दिसतो. नोंदणी झाल्यावर सलग पाच वर्षं नाव वापरलं नाही तर कोणीही ते काढून टाकायचा अर्ज करू शकतो.

नाव निवडताना कलम ९ आडवं येतं. 'उत्तम सुती', 'सोलापूर स्पेशल' असली मालाचं किंवा गावाचं वर्णन करणारी नावं सहसा मिळत नाहीत, आणि मिळाली तरी रोखायला दुबळी. देवांच्या नावांचंही तेच. सिद्धेश्वर, मार्कंडेय, बालाजी, व्यंकटेश या नावांनी गावात किती बोर्ड आहेत ते मोजायला एक दुपार पुरणार नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अगरबत्तीवरच्या 'रामायण' या शब्दावर एकट्याचा हक्क नाकारला. श्रद्धा दुकानातल्या फोटोत ठेवा, लेबलावर असा शब्द टाका जो चादरीच्या धंद्यात दुसरा कोणी वापरत नाही. दोन-तीन अक्षरी, आणि तेलुगू-कन्नड बोलणाऱ्याच्या तोंडातही न मोडणारा.

शेवटचं आणि सगळ्यात महागात पडणारं: अर्ज कोणाच्या नावाने? घाईत मोठ्या भावाच्या वैयक्तिक नावाने अर्ज जातो, धंदा भागीदारीत असतो आणि वाटणी झाली की माग निम्मे-निम्मे होतात, नाव एकाकडेच राहतं. मग दुसरा तेच आडनाव घेऊन पुढे 'ओरिजिनल' लावतो. दोन्ही पाट्या बघून गिऱ्हाईक तिसरीकडे जातं. अर्ज फर्मच्या नावाने करा आणि वाटणी झाली तर नावाचं काय, हे भागीदारी पत्रातच लिहा.

खलबत्ता

वाचनखूण साठवली. वरचा प्रतिसाद छापून काढण्यासारखा आहे.

शेंगा चटणीवाल्यांचं गणित चादरीच्या अगदी उलट. डबा महिन्याभरात संपतो, त्यामुळे पुन्हा खरेदी हेच खरं माप. शंभर नवीन गिऱ्हाइकांपैकी साठ दिवसांत किती परत आले, एवढं वहीत मोजा.

चटणीत नाव बुडतं ते खवट वासाने. कुटल्यावर दाण्याचं तेल बाहेर येतं, चवही त्यातच असते, आणि हवा-उजेड लागला की पहिलं तेच बिघडतं. पारदर्शक पातळ पिशवीत चटणी छान लालभडक दिसते, पण तीन-चार आठवड्यांत वास येतो. जाड, हवा न शिरणारी, अपारदर्शक पिशवी घ्या. शक्य असेल तर नायट्रोजन भरून सील करा. भाजलेले दाणे पूर्ण गार झाल्याशिवाय कुटू नका, वाफ आत राहिली की ओलावा धरतो. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचे दाणे भाजण्याआधी वेचून काढा; भाजून बुरशीचं विष पूर्ण जात नाही.

मुदत अंदाजाने छापू नका. प्रत्येक घाण्यातले चार पुडे बाजूला ठेवून दर पंधरा दिवसांनी एक उघडा. ज्या पुड्याला वास आला त्याच्या बऱ्याच अलीकडची मुदत छापा. उन्हाळ्यातल्या घाण्यावर ही परीक्षा घेतली नसेल तर ती झालीच नाही असं समजा. इथे पारा ४० च्या वर जातो.

आणि चव. तिखट प्रत्येक मिरचीच्या पोत्यागणिक बदलतं. दोन-तीन पोती मिसळून वापरा आणि मागच्या घाण्याचा नमुना शेजारी ठेवून चाखा. घरगुती म्हणून चव दर वेळी वेगळी, हे कारण गिऱ्हाईक एकदाच ऐकून घेतं.

शिलाई_विभाग

युनिफॉर्मच्या धंद्यात लेबल जवळपास कोणी बघत नाही, म्हणून तिथे इक्विटी नाही असं लोक धरतात. इक्विटी असते, पण ती परराज्यातल्या दुकानदाराच्या डोक्यात. त्याला तीनच गोष्टी हव्यात: माल शाळा उघडायच्या आत, ३२ नंबर दर वर्षी ३२ च, आणि निळा रंग गेल्या वर्षीचाच निळा. मोठ्या भावाचा शर्ट आणि धाकट्याचा शर्ट प्रार्थनेला शेजारी उभे राहतात. छटा वेगळी असेल तर तक्रार शाळेकडून येते आणि दुकानदार पुढच्या वर्षी पुरवठादार बदलतो.

उपाय कंटाळवाणा आहे. प्रत्येक लॉटचा हातभर तुकडा, तारीख आणि गिरणीचा शेड नंबर लिहून, अंधाऱ्या कपाटात. नवीन ताग्याशी तुलना दिवसाच्या उजेडात करा आणि ट्यूबलाइटखालीही. काही रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फुटतात. पिवळ्या बल्बखाली पास केलेला तागा परत येण्याची खात्रीच धरा.

मागकरी

सगळ्यांचे आभार. एक मुद्दा राहिला: चालू असलेलं नाव बुडतं कसं? आणि लेबल किंवा पिशवी नवी करायची झाली तर?

पुण्यातला_सोलापूरकर

दुसऱ्याचं उत्तर आधी. ट्रॉपिकानाने २००९ मध्ये अमेरिकेत संत्र्याच्या रसाचा खोका बदलला. संत्र्यात खुपसलेली नळी काढून रसाचा ग्लास आणला. रस तोच होता, पण दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्के पडली आणि जुना खोका परत आणावा लागला. गिऱ्हाईक नाव वाचत नव्हतं, नळीवालं संत्रं शोधत होतं. तुमच्या मालात ते संत्रं कोणतं, हे आधी दुकानदारांना विचारा. "त्या लाल रेषावाल्या द्या" असं गिऱ्हाईक मागत असेल तर रेषांना हात लावायचा नाही. बाकी अक्षरं, पिशवी, फोटो एकेक करून बदला, सगळं एका हंगामात नको.

पहिल्यासाठी मॅगी बघा. जून २०१५ मध्ये बंदी, ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती उठवून नव्याने तपासण्या करायला लावल्या, नोव्हेंबरात माल पुन्हा दुकानात, आणि गिऱ्हाईक परत आलं. जुनी पुण्याई अशी कामाला येते. पण लहान उत्पादकाकडे पाच महिने माल बंद ठेवायची ऐपत नसते. त्याने बिघडलेला लॉट तेवढाच मागे घेता येईल अशी सोय आधीच करून ठेवावी.

जॅकार्ड

ती सोय म्हणजे लॉट नंबर. लेबलाच्या मागच्या बाजूला महिना, सुताचा लॉट, मागाचा नंबर. सहा-सात अक्षरं पुरतात. तक्रार आली की त्या नंबरचे नग कोणत्या दुकानात गेले ते बिलावरून निघालं पाहिजे, म्हणजे बिलावरही नंबर हवा. हे नसेल तर एका खराब बीमसाठी सगळा हंगाम परत बोलवावा लागतो. बहुतेक जण अर्थातच काहीच परत बोलवत नाहीत.

बुडण्याचं आणखी एक कारण, मोसमात ऑर्डर वाढली की शेजारच्या मागावरचा माल आपल्या लेबलाखाली काढणं. काढायला हरकत नाही, पण सूत तुमचं, रंग तुमचा, तपासणी तुमची असेल तरच. तयार चादर उचलून नुसतं लेबल शिवायचं असेल तर ऑर्डर सोडलेली परवडते.

नवीपेठ_काउंटर

मग सेकंडच्या, म्हणजे दोष राहिलेल्या मालाचं काय करायचं? गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेत स्टॉल लावला की सगळे तोच काढतात. जानेवारीत पाहुणे बाहेरगावचे, स्वस्त दिसलं की घेतात.

जॅकार्ड

विका, पण लेबल कापून. शिवण उसवायची, लेबल काढायचं, मोजून डब्यात टाकायचं. कापलेली लेबलं आणि सेकंडचे नग यांचा आकडा रोज जुळला पाहिजे, नाहीतर तीच लेबलं दुसरीकडे शिवली जातात. किनारीची खूण तर काढता येत नाही, म्हणून कोपऱ्यावर न धुतला जाणारा 'सेकंड' शिक्का मारा.

हिशेबनीस

आणि तो स्टॉल फर्मच्या बोर्डाखाली लावू नका. सेकंडची विक्री वहीतही वेगळ्या खात्याला घ्या. नाहीतर वर्षाच्या शेवटी सरासरी दर खाली आलेला दिसतो आणि नावाची किंमत पडली असं वाटून लोक जाहिरातीवर पैसे ओततात.

मागकरी

शिक्क्याची शाई कोणती टिकते? साधी स्टॅम्प पॅडची पहिल्या धुण्यात जाते.

जॅकार्ड

स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे कापडासाठीची पिगमेंट शाई आणि बाइंडर मिळतो. शिक्का मारून वाळू द्या, मग वरून पातळ फडकं ठेवून गरम इस्त्री दोन-तीन मिनिटं दाबा. उष्णता लागल्याशिवाय बाइंडर पकडत नाही. आधी एका नगावर मारून धुऊन बघा.